अर्नेस्टीन डेलीचं दुसरं अपेंडिक्स

१

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता कॅनन लेन रुग्णालयाच्या तळघरातल्या शवागारातून वरच्या मजल्यावर फोन गेला, आणि वैद्यकीय संचालक लॉकवुडसाहेबांचा चहा तसाच गार झाला.

रविवारी दुपारी वॉर्ड सहामध्ये एक बाई वारली होती. अर्नेस्टीन डेली, वय चौसष्ट. शुक्रवारी पोटदुखी आणि उलट्यांनी दाखल झाली, सोमवारी पोटाचा स्कॅन ठरला, आणि सोमवार काही तिने पाहिला नाही. शवविच्छेदनात दिसलं की अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता. अपेंडिक्स फुटून माणसं मरतात, त्यात शवागाराला नवल नाही. नवल एवढंच की अर्नेस्टीन डेलीचं अपेंडिक्स अकरा वर्षांपूर्वी, दोन हजार आठ साली, याच इमारतीत कापून काढलेलं होतं. तशी नोंद होती, तारीख होती, सही होती. देव माणसाला डोळे दोन देतो, मूत्रपिंडं दोन देतो. अपेंडिक्स एकच देतो.

लॉकवुडसाहेबांनी डोरीन पाइकला बोलावून घेतलं.

डोरीन एकोणसाठ वर्षांची, जाड चष्म्याची, एकटी राहणारी बाई. रुग्णालयात तिला ‘पासपोर्टवाली पाइक’ म्हणत, अर्थात तिच्या पाठीमागे. या देशात जो राहतो त्याला सरकारी रुग्णालय फुकट. जो पाहुणा म्हणून आलाय त्याने खर्चाच्या दीडपट मोजायचे. कोण राहणारा आणि कोण पाहुणा, हे खाटेपाशी जाऊन ठरवायचं काम डोरीनचं. अकरा वर्षं तिने हे केलं. खोटे पत्ते, उसने मेहुणे, कालच जन्मलेले भाडेकरार, सगळं तिने पाहिलं होतं. त्याआधी वीस वर्षं ती अभिलेख कक्षात होती, त्यामुळे कागद कुठे हरवतो आणि कोण हरवतो हेही तिला तोंडपाठ.

“तुमच्याशी कुणाला खोटं बोलता येत नाही म्हणतात,” साहेब म्हणाले.

“बोलतात की. पचत नाही एवढंच.”

साहेबांनी काम सांगितलं. शुक्रवारी दहाला बैठक. बाईला तपासलं होतं डॉक्टर आयला गिल्ख्रिस्टने, सव्वीस वर्षांची पोरगी, नोकरीला सात महिने झालेले. तिने अपेंडिक्सचा विचारच केला नाही, कारण कागदावर ते नव्हतंच. तिला घरी बसवलं होतं. शुक्रवारपर्यंत दुसरं कुणी जबाबदार सापडलं नाही, तर तिचं नाव वैद्यक परिषदेकडे जायचं होतं, आणि मग तिची डॉक्टरकी संपल्यात जमा होती.

“कुणीतरी चुकलंय,” साहेब म्हणाले. “कोण ते मला शुक्रवारी हवंय.”

डोरीनने मान डोलावली. या प्रकरणाशी तिचा स्वतःचा काही संबंध नव्हता, आणि दुसऱ्याच्या चुका शोधणं तिला कधीच जड गेलं नव्हतं.

२

पहिला संशय अर्थातच कापणाऱ्यावर. पेनहॅलो हे शल्यविशारद, निवृत्तीला आलेले, गळ्यात फुलपाखरी टाय आणि बोलण्यात उपकार. अकरा वर्षांपूर्वी यांनी पोट उघडलं, अपेंडिक्स सापडलं नाही, आणि काढलं म्हणून लिहून मोकळे झाले, असं तर नाही? डोरीनने हे जरा मऊ शब्दांत विचारलं. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“बाई, माझ्या बागेतलं गवत कापलं की परत उगवतं,” ते म्हणाले. “अपेंडिक्स उगवत नाही.”

मग त्यांनी तिला स्वतः प्रयोगशाळेत नेलं. काढलेलं अपेंडिक्स तेव्हा तपासायला गेलं होतं, त्याची लांबी, वजन, सूज, सगळं तिसऱ्याच माणसाच्या हस्ताक्षरात होतं, आणि काचेच्या पट्टीवर त्याचा काप अजून जपलेला होता. म्हणजे दोन हजार आठमध्ये अर्नेस्टीन डेलीचं अपेंडिक्स खरंच निघालं होतं. पेनहॅलो सुटले, आणि डोरीनला थोडं वाईट वाटलं, कारण हा माणूस दोषी निघाला असता तर तिला आवडलं असतं.

राहिला अभिलेख कक्ष. तिथे केनेथ पोल बसतो, डोरीनच्याच हाताखाली शिकलेला. दोन बायकांच्या फायली एकात एक गेल्या असतील, हा तिचा दुसरा तर्क. केनेथ दुखावला, पण त्याने सगळं समोर मांडलं. शुक्रवारी दाखल होताना बाईने स्वतः सांगितलेलं नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन आणि फाइलीतलं नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन, अक्षर न् अक्षर जुळत होतं. फाइलीत एकाच बाईचं आयुष्य होतं: दोन हजार आठ, अपेंडिक्स; दोन हजार चौदा, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले; रक्तदाबाच्या गोळ्या चालू. एकही पान परकं नव्हतं.

“फाइल बरोबर आहे, डोरीन,” केनेथ म्हणाला. “चुकली असेल तर बाई चुकली असेल.”

तो चेष्टेत म्हणाला आणि डोरीनही हसली.

३

आयला गिल्ख्रिस्ट आणखी तिघींबरोबर भाड्याच्या घरात राहत होती. स्वयंपाकघरात ती चहा करायची, कप भरायची आणि सिंकमध्ये ओतायची. डोरीन असेपर्यंत तिने हे दोनदा केलं. आईला अजून सांगितलं नव्हतं म्हणाली. स्कॉटलंडमधल्या त्यांच्या गावात ती पहिलीच डॉक्टर.

डोरीनने तिला शुक्रवारचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. बाई शांत होती, फार शांत. उजवीकडे खाली पोट दाबलं की तिची बोटं खाटेच्या कडेवर आवळायची, पण तोंडातून हूं नाही.

“माझे हात सांगत होते अपेंडिक्स म्हणून,” आयला म्हणाली. “खरंच सांगत होते. मग मी फाइल बघितली. तिलाही विचारलं. ती म्हणाली, काढलंय. बेंबीखाली जुना व्रण होता, मला वाटलं तोच. मी हातांचं ऐकलं नाही, कागदाचं ऐकलं.”

व्रण कशाचाही असू शकतो, बायकांच्या पोटावर व्रणांना काय तोटा, असं डोरीनला वाटलं. तिने दुसरंच विचारलं: बाई नेमकं काय म्हणाली, कशी म्हणाली?

आयलाने आठवून सांगितलं. बाईने छताकडे बघत एका दमात म्हटलं होतं: अपेंडिक्स दोन हजार आठ, डोळे दोन हजार चौदा, रक्तदाबाच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी नाही. शाळेतली मुलं पाढे म्हणतात तसं.

डोरीनने वही मिटली. अकरा वर्षं ती खाटांपाशी बसत आली होती. आजारी माणूस आपलं दुखणं असं कधी सांगत नाही. तो आज कुठं दुखतंय तिथून सुरू करतो, मध्येच जावयावर घसरतो, साल चुकवतो, बायकोला विचारतो. स्वतःचं आयुष्य कुणी पाठ करत नाही. पाठ करावं लागतं ते दुसऱ्याचं.

४

बुधवारी दुपारी वॉर्ड सहाची जेवणं आटोपल्यावर तिने सिस्टर ब्रिडी क्विलला गाठलं. ब्रिडी आयर्लंडची, तीस वर्षं वॉर्डात आणि उरलेली चुलीपाशी काढल्यासारखी ऐसपैस बाई. डोरीन तिला फारशी आवडत नसे, आणि ती ते लपवतही नसे.

“आता मेलेल्यांनाही बिल पाठवायला लागलीस काय गं?” ती म्हणाली.

“डॉक्टर पोरीसाठी आलेय.”

मग ब्रिडी बोलली. डेलीबाईला भेटायला एकच माणूस यायचं, तिची चुलतबहीण. सकाळी यायची ते वॉर्डातून हाकलेपर्यंत बसायची. दोघी साधारण एका वयाच्या, एका अंगकाठीच्या, एका आजीच्या नाती म्हणे. बिचारी मरणाच्या दिवशी नुसती पलंगाची दांडी धरून उभी होती.

“एक गंमत सांगू? आता गंमत कसली म्हणा,” ब्रिडी म्हणाली. “शनिवारी गोळ्यांची गाडी घेऊन गेले आणि हाक मारली, ‘मिसेस डेली!’ तर खाटेवरची भिंतीकडे बघत राहिली आणि खुर्चीवरची म्हणाली, ‘काय?’ मग दोघी गोऱ्यामोऱ्या झाल्या.”

डोरीनच्या मनात केनेथचं वाक्य पुन्हा वाजलं, आणि या वेळी तिला हसू आलं नाही. पण हाकेवरून काही सिद्ध होत नाही. तिने विचारलं, बाईच्या अंगावर काही खूण? चष्मा?

“चष्मा कसला, दिसत कुठं होतं तिला? जेवणाची यादी मी वाचून दाखवायचे. डावा डोळा बरा होता. उजवा पांढरा फटक, पिकलेला मोतीबिंदू. मी म्हटलंसुद्धा, अहो हा काढून का घेत नाही? तर म्हणते, विचारलं होतं एकदा.”

झालं. कागदावरच्या बाईचे दोन्ही मोतीबिंदू पाच वर्षांपूर्वी निघाले होते. खाटेवरच्या बाईचा एक तसाच होता. काढलेलं अपेंडिक्स फुटत नाही आणि काढलेला मोतीबिंदू पिकत नाही. शवागारात जी होती ती अर्नेस्टीन डेली नव्हतीच. खरी अर्नेस्टीन खुर्चीवर बसली होती, आणि गोळ्यांच्या वेळी आपलं नाव ऐकून वळली होती.

मग खाटेवरची कोण? उसन्या नावाने येणाऱ्याने बदल्यात आपलं नाव दिलेलं असणार. डोरीनने भेटीला येणाऱ्यांचं रजिस्टर मागितलं आणि शुक्रवारच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘चुलतबहीण: सेसिली टुइट.’

ती तिथेच खुर्चीवर बसली. तो पांढरा डोळा तिने पाहिला होता. एक वर्षापूर्वी, स्वतःच्या टेबलापलीकडे.

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सेसिली टुइटची फाइल डोरीनच्याच कपाटात होती, तिसऱ्या खणात.

ऑगस्ट दोन हजार अठरा. डोळ्यांच्या विभागाने शस्त्रक्रियेसाठी पाठवलेली, वय एकसष्ट. पासपोर्ट माँटसेराटचा, कॅरिबियनमधलं ते ज्वालामुखीचं छोटं ब्रिटिश बेट. त्यावर प्रवेशाचा शिक्का मे महिन्याचा. शेवटचं कधी आलात? मेमध्ये. कुठे उतरलात? चुलतबहिणीकडे. परत कधी जाणार? डोंगर शांत झाला की, देवाने ठेवलं तर नाताळापर्यंत. खाली निळ्या शाईत डोरीनचं अक्षर: ‘तात्पुरता मुक्काम. परत जाणार. शुल्क लागू.’ शस्त्रक्रियेचे पैसे आधी भरायला सांगितले, ते आले नाहीत, शस्त्रक्रिया रद्द झाली. झालेल्या तपासण्यांचं साडेसहाशे पौंडांचं बिल गेलं, दोन स्मरणपत्रं गेली, मग नियमाप्रमाणे नाव गृहखात्याला कळवलं गेलं. सगळी भेट सात मिनिटांत आटोपली होती. बाहेर आणखी सहाजण बसले होते.

खरं सांगायचं तर फाइल मिटताना डोरीनला हायसं वाटलं. कोडं सुटलं होतं. थकबाकीदार पाहुणी, फुकट उपचारांसाठी बहिणीच्या नावावर आली, बहिणीचा इतिहास तिच्या जिवावर उठला. डॉक्टर पोरगी निर्दोष, कागद निर्दोष, फसवलं ते पेशंटने. असे लोक ती अकरा वर्षं पकडत आली होती. हिला पकडायला फक्त उशीर झाला होता.

गुरुवारी सकाळी ती रजिस्टरातल्या पत्त्यावर गेली. चौथ्या मजल्यावरचं सरकारी घर. दार उघडलं ते काळ्या पोशाखातल्या, उंच, ताठ बाईने. आत मोठं पातेलं शिजत होतं आणि बोकडाच्या मटणाचा, लवंगांचा वास जिन्यापर्यंत आला होता. चर्चमधली माणसं संध्याकाळी यायची होती.

“मिसेस डेली?” डोरीन म्हणाली.

“हो,” बाई म्हणाली, आणि मग तिला कळलं की आपण काय बोललो. तिने दार लावून घेतलं नाही. बाजूला झाली. “या. नाहीतरी मी कंटाळलेय. काल औषधाच्या दुकानात गेले तर पोरगा म्हणतो, या बाई मेल्यात, गोळ्या देता येत नाहीत.”

डोरीनने बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं: पाठ केलेलं उत्तर, गोळ्यांची हाक, पांढरा डोळा, रजिस्टरातलं नाव. अर्नेस्टीन हात मांडीवर ठेवून ऐकत होती. तिने एकही गोष्ट नाकारली नाही.

“एका आजीच्या हाताखाली वाढलो,” ती म्हणाली. “चपला एक, फ्रॉक एक. नाव दिलं तर काय मोठं दिलं? शुक्रवारी ती इथं, या टेबलापाशी, वाकून बसली होती. मी म्हटलं, चल दवाखान्यात. ती म्हणते, नाही, माझं नाव त्यांच्या काळ्या यादीत आहे, ते मला विमानात घालतील. म्हणून मी तिला माझं नाव शिकवलं. माझी ऑपरेशनं, माझ्या तारखा. तीनदा म्हणून घेतलं. एकदा साल चुकलं तर ओरडले तिच्यावर, पोटात कळा येत होत्या तरी.”

आपल्या कामाचा भाग म्हणून डोरीनने सांगितलं, की पाहुण्यालासुद्धा तातडीचे उपचार कुणी नाकारत नाही, बिल मागाहून येतं.

“कोण पाहुणी?”

“मिस टुइट. मे महिन्यात आल्या, चुलतबहिणीकडे उतरल्या...”

अर्नेस्टीन उठली. शेजारच्या खोलीतून एक बिस्किटांचा डबा घेऊन आली आणि डोरीनपुढे टेबलावर पालथा केला. पगाराच्या चिठ्ठ्या, घरपट्टीची पत्रं, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीची वीस वर्षांची प्रमाणपत्रं, ग्रंथालयाचं कार्ड. सगळ्यांवर सेसिली टुइट, सगळ्यांवर हाच पत्ता. सगळ्यात जुना कागद एकोणीसशे सत्त्याण्णवचा.

“ज्वालामुखी फुटला त्या वर्षी आली. केसांत राख घेऊन आली. बावीस वर्षं त्या मागच्या खोलीत राहिली. मे महिन्यात? भाऊ वारला होता तिचा, त्याला माती द्यायला पंधरा दिवस गेली होती. तुमच्या शाळेतल्या पोरांना वीस वर्षं जेवू घातलं तिनं, बाई.”

डोरीन कागद उलटसुलट करत राहिली. एकही खोटा नव्हता. खोटा कागद तिच्या बोटांना कळत असे. तिने हळूच विचारलं, मग त्या परत जाणार असं का म्हणाल्या? डोंगर शांत झाला की जाणार, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं.

“आम्ही सगळेच म्हणतो,” अर्नेस्टीन म्हणाली. “मी पंचेचाळीस वर्षं म्हणतेय. आमची आईबापं त्या राखेखाली आहेत. इथं राहायला आले असं म्हटलं, तर त्यांना टाकून आले असं होतं. म्हणून आमच्यात कुणी राहत नाही. आम्ही थांबलोय. चर्चमध्ये विचारा, सगळे नाताळाला घरी जाणार आहेत.”

“मी त्यांना विचारलं होतं, कधी आलात.”

“शेवटचं कधी आलात, असं विचारलंत. तिनं घरी येऊन सगळं सांगितलं मला. तिनं एक शब्द खोटा सांगितला नाही. तुम्हाला खोटं सांगितलं असतं, तर आज जिवंत असती.”

पातेल्यावरचं झाकण थरथरत होतं. अर्नेस्टीनने जाऊन आच मंद केली आणि पाठमोरीच विचारलं, की समजा शुक्रवारी सेसिलीने स्वतःचंच नाव सांगितलं असतं तर?

डोरीनला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलावंसं वाटलं. पण ते तिला कधी जमलं नव्हतं.

“काहीच लागलं नसतं,” ती म्हणाली. “इथल्या रहिवासी होत्या त्या. सगळं फुकट होतं. डोळासुद्धा.”

अर्नेस्टीनने पातेल्यावरचं झाकण नीट बसवलं.

“हे मला सांगायला नको होतंत,” ती म्हणाली. “मी शिकवलं तिला. आता तुम्ही जा.”

६

शुक्रवारी दहा वाजता लॉकवुडसाहेबांनी अहवाल वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. आयला दाराशी बसली होती, नखं कुरतडत. साहेबांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं, मग अहवालातलं एक पान वेगळं काढून डोरीनपुढे सरकवलं. निळ्या शाईचं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाई दुसऱ्याच्या नावाने आली, म्हणून मेली. एवढ्यात डॉक्टर सुटते, रुग्णालय सुटतं. मागच्या वर्षी ती बिलांच्या कार्यालयात आली होती की नव्हती, याचा अपेंडिक्सशी काय संबंध? डोरीन महिनाअखेर निवृत्त होतेय. एकतीस वर्षांची नोकरी. कशाला उगाच शेवटी डाग?

“मेलेल्या बाईला काय फरक पडतो?” ते म्हणाले.

डोरीन त्या पानाकडे पाहत होती. सात मिनिटं. केनेथला एक फोन केला असता तर सत्त्याण्णवपासूनच्या नोंदी त्याने दहा मिनिटांत काढून दिल्या असत्या. तिने केला नव्हता, कारण समोरची बाई स्वतःच्या तोंडाने पाहुणी असल्याचं सांगत होती आणि आयती कबुली कोण तपासतं? खोट्याला पकडायला ती इतकी टपून बसलेली असायची, की खरं बोलणारं माणूस समोर आलं तेव्हा तिने त्याचंही खोटं करून टाकलं. तिला स्वतःची किळस आली.

“हे पान काढलं तर ती लबाड ठरते, साहेब,” ती म्हणाली. “ती घाबरलेली होती. आणि घाबरवलं मी.”

तिने पान उचललं आणि अहवालाच्या सगळ्यात वर ठेवून दोरी बांधली.

आयला गिल्ख्रिस्ट सुटली, पण परत आली नाही. आईकडे गेली म्हणून कळलं; डॉक्टरकीचं काय ते तिने अजून ठरवलेलं नाही. शवागारातल्या पाटीवरचं नाव बदललं आणि सेसिली टुइटला तिच्याच नावाने माती मिळाली. अर्नेस्टीन डेलीला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला तीन आठवडे लागले, तोवर शेजारणीच्या गोळ्यांवर भागवलं. दफनाच्या दिवशी डोरीन चर्चच्या फाटकाबाहेर उभी राहिली. अर्नेस्टीन तिच्यावरून पुढे निघून गेली. तिने पाहिलं होतं, पण थांबली नाही, आणि थांबावं असं डोरीनलाही वाटलं नाही.

७

साहेब तिच्याशी बोलेनासे झाले होते, त्यामुळे महिनाअखेरपर्यंत डोरीनला कुणी काही विचारत नव्हतं. तिने कपाट उघडलं. अकरा वर्षांच्या फायली एकेक करून काढल्या, आणि जिथे तिच्या अक्षरात ‘परत जाणार’ लिहिलेलं होतं त्या बाजूला ठेवल्या. दोनशे सोळा निघाल्या. त्यातले किती खरे पाहुणे होते आणि किती नुसते थांबलेले, हे आता कागदावरून कळायला मार्ग नव्हता.

म्हणून ती फोन करू लागली. रोज सकाळी दहापासून. बरेच क्रमांक बंद झाले होते. काही ठिकाणी नवीनच माणसं उचलायची. एका म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि बिल पोस्टाने पाठवा म्हणाला; नाही हो, बिल नाही, हे त्याला तीनदा सांगावं लागलं.

तिसऱ्या दिवशी तिने घानाच्या एका बाईची फाइल उघडली. फिलोमिना अंसा, वय त्रेपन्न. जुना खोकला, धाप, फुप्फुसाची तपासणी सुचवलेली, पैसे आधी न भरल्यामुळे रद्द. फोन दुसऱ्या घंटेला उचलला गेला.

“मी कॅनन लेन रुग्णालयातून बोलतेय,” डोरीन म्हणाली. “मिसेस अंसा आहेत का?”

पलीकडे कुणीतरी श्वास रोखून धरला. मग तो धरवेना, आणि खोकल्याची उबळ आली, खोल, ओली, बराच वेळ न थांबणारी.

“ती इथं नाही,” धापा टाकत बाई म्हणाली. “मायदेशी गेली. कायमची.”

डोरीन घाईघाईने बोलत सुटली, की त्यांना सांगा, काही द्यायचं नाहीये, कदाचित चूक आमची होती, त्यांनी फक्त यावं, कुणाला कळवणार नाही, कागदसुद्धा नकोत, मी स्वतः दारात उभी राहीन.

“सांगेन,” बाई म्हणाली. “भेटली की सांगेन.”

फोन बंद झाला. डोरीनने पुन्हा लावला. घंटा वाजत राहिली. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तो क्रमांक लागेनासा झाला होता.